सुईच्या टोकावरचे इंजिन

मॉडेल विमानात बसणारे ‘४६’ आकाराचे इंजिन तळहातावर मावते. त्याची क्षमता साधारण ७.५ सीसी, म्हणजे १०० सीसीच्या मोटारसायकलच्या तेराव्या हिश्श्याएवढी. तरीही ते दीड अश्वशक्तीच्या आसपास ताकद देते आणि ११ इंची पंखा मिनिटाला १२,००० वेळा फिरवते. म्हणजे सेकंदाला २०० फेरे, आणि इंजिन टू-स्ट्रोक असल्यामुळे सेकंदाला २०० स्फोट. हवा आत घेणे, इंधन मिसळणे, दाबणे, पेटवणे आणि जळका वायू बाहेर फेकणे हे सगळे ५ मिलिसेकंदांत उरकायचे. एवढे करणाऱ्या या इंजिनाला मॅग्नेटो नाही, ऑइल पंप नाही, रेडिएटर नाही, थर्मोस्टॅट नाही, कार्ब्युरेटरमध्ये फ्लोटसुद्धा नाही. आहे ती मुख्यतः एक बारीक सुई, बोटांनी फिरवायची.

नवशिक्याला वाटते, ही सुई फक्त इंधन कमी-जास्त करते. खरे तर ती एकाच वेळी चार गोष्टी ठरवते. इंधन किती, हे झालेच. टू-स्ट्रोकचे वंगण इंधनातच मिसळलेले असते, म्हणून इंजिनाला तेल किती मिळणार हेही तीच ठरवते. जादा इंधन वाफ होताना उष्णता शोषून घेते, म्हणून तापमानही तिच्याच हातात. आणि ठिणगी पाडणारी व्यवस्थाच नसल्यामुळे मिश्रण नेमके कोणत्या क्षणी पेटणार, तेही बऱ्याच अंशी तिच्यावर अवलंबून. सुई पाव आटा आत घेतली की चारही गोष्टी एकदम सरकतात. जी इंजिने अकाली भंगारात जातात, त्यांतली बरीचशी वेगाच्या नादात उरलेल्या तीन गोष्टींकडे कुणी न पाहिल्यामुळे जातात.

हे सगळे चालते ते इंधनाच्या स्वभावामुळे. इथे पेट्रोल नसते, मिथेनॉल असते. बाजारातल्या नेहमीच्या डब्यात १५ ते २० टक्के तेल, ५ ते १५ टक्के नायट्रोमिथेन आणि बाकीचे मिथेनॉल. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या काही प्रकारांत तर नायट्रो अजिबात चालत नाही. ८० टक्के मिथेनॉल, २० टक्के तेल, बस्स. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला साडेसहा किलोसुद्धा पुरते. मिथेनॉलमध्ये किलोमागे ऊर्जा पेट्रोलच्या निम्म्याहून कमी असते, पण तेवढ्याच हवेत दुपटीहून जास्त इंधन घालता येते, त्यामुळे ताकदीचा हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो. खरा फायदा गारव्याचा. हातावर स्पिरिट चोळले की गार वाटते, तेच इथे इंजिनाच्या पोटात घडते. सारख्याच हवेसाठी लागणारे मिथेनॉल वाफ होताना पेट्रोलच्या सातपटीच्या आसपास उष्णता ओढून घेते. शिवाय मिथेनॉल बरेच जादा झाले तरी इंजिन कुरकुरत का होईना, पण चालत राहते. पेट्रोलचे इंजिन इतके लाड सहन करत नाही.

तेलाचे प्रमाण पाहून दुचाकीवाल्यांचे डोळे विस्फारतात. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरच्या पेट्रोलमध्ये दोन-तीन टक्के ऑइल घातले की भागायचे, आणि इथे १८-२० टक्के! पण या तेलाला दोन कामे असतात: बेअरिंगपासून पिस्टनपर्यंत सगळीकडे थर धरायचा आणि बाहेर पडताना थोडी उष्णताही घेऊन जायची. एरंडेल या कामी अजून टिकून आहे. ते पेट्रोलमध्ये नीट मिसळत नाही, मिथेनॉलमध्ये मात्र सहज विरघळते. खूप तापले तरी धातूवरचा थर सोडत नाही, उलट घट्ट होते. पहिल्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांची फिरती इंजिनेही एरंडेलावरच चालत. त्याचा दोष एकच, इंजिनावर तपकिरी, चिवट लेप चढतो. सिंथेटिक तेल इंजिन स्वच्छ ठेवते, पण एकदा मर्यादेपलीकडे तापले की पटकन हार मानते. म्हणून बरेच जाणकार दोन्हींचे मिश्रण घेतात. माझाही कौल तिकडेच. इंजिनावरचा लेप घासून काढता येतो, ओरखडलेला पिस्टन परत मिळत नाही.

आता पेटवण्याची गंमत. १८१७ मध्ये ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी पाहिले की प्लॅटिनमची तापलेली तार ज्वालाग्राही वायू आणि हवेच्या मिश्रणात धरली, तर ज्योतीशिवायच लालबुंद राहते. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर वायूचा ऑक्सिजनशी संयोग होत राहतो आणि त्याची उष्णता तारेला मिळते. अमेरिकेतल्या रे आर्डन यांनी १९४७ मध्ये याच तत्त्वावर मॉडेल इंजिनांसाठी ग्लो प्लग बाजारात आणला. तोवर विमानात बॅटरी, कॉइल आणि कंडेन्सर असा सगळा लवाजमा वाहून न्यावा लागे. ग्लो प्लगला फक्त सुरू करताना दीड व्होल्टची बॅटरी लावायची. एकदा इंजिन धडधडू लागले की बॅटरी काढून घ्या. मिथेनॉलची वाफ आणि मागच्या स्फोटाची ऊब तार लाल ठेवते.

मात्र मिश्रण केव्हा पेटणार हे ठरवणारी वेगळी यंत्रणा उरत नाही. मिश्रणात इंधन जास्त, म्हणजे ते रिच असेल, तर तार थोडी थंड राहते आणि पेट उशिरा घेतला जातो. इंधन कमी, म्हणजे मिश्रण लीन असेल, तर तार जास्त तापते आणि पेट लवकर लागतो. फार लवकर लागला, तर पिस्टन अजून वर येत असतानाच वरून मार बसतो. इंजिन आणखी तापते, तापल्यामुळे आणखी लवकर पेटते आणि हे चक्र इंजिन बंद पडेपर्यंत थांबत नाही. त्यात सुई आत असल्यामुळे तेलही कमीच येत असते. लीन चालवण्याची खरी भीती ही आहे: उष्णता वाढते त्याच वेळी वंगण घटते.

जुने खेळाडू हे सगळे कानाने ओळखतात. खूप रिच इंजिन एक फेरा सोडून पेटते. पहिल्या फेरीत मिश्रण पेटत नाही, पुढच्या फेरीत पेटते. आवाज जाड, घरघरता येतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि तेलाचे शिंतोडे उडतात. सुई हळूहळू आत घेत गेलात की एका जागी आवाज एकदम बदलतो. घरघर जाऊन तीक्ष्ण, सलग सूर लागतो. आता प्रत्येक फेरीला स्फोट होतोय. आणखी आत घेतली की सूर थोडा चढतो आणि एका टोकाला जाऊन थांबतो. त्यापुढे सुई घेतली की धूर नाहीसा होतो, आवाज कोरडा होतो आणि काही सेकंदांत खाली बसू लागतो. आपल्याला हवी ती जागा सर्वांत उंच सुराची नव्हे, त्याच्या जरा अलीकडची, धुराची बारीक रेघ दिसत राहील अशी.

करायचे असे. सुई आधी पुस्तिकेत सांगितली असेल तितकी उघडायची. बहुतेक इंजिनांना दोन-अडीच आटे पुरतात. इंजिन सुरू करून गरम होऊ द्यायचे. मग थ्रॉटल पूर्ण उघडून एकेक खटका सुई आत घ्यायची, आणि प्रत्येक खटक्यानंतर थांबायचे, कारण बदल कळायला काही सेकंद लागतात. घाई करणारा याच क्षणी सुई गरजेपेक्षा पुढे नेऊन बसतो. वेग वाढायचा थांबला की परत बाहेर, इतके की आरपीएम २०० ते ३०० ने उतरेल. टॅकोमीटर असला तर बरे, नसला तर कान आहेतच. पडताळा घ्यायचा तर इंधनाची नळी क्षणभर चिमटीत दाबून सोडावी. वेग आधी किंचित चढला आणि मग पडला, तर मिश्रण रिचच्या बाजूला आहे. दाबताक्षणी पडलाच, तर तुम्ही आधीच लीन आहात.

आरपीएम मागे का घ्यायचे, याचे कारण जमिनीवर दिसत नाही. विमान उडू लागले की पंख्यावरचा भार कमी होतो, इंजिन जमिनीपेक्षा जास्त फिरते आणि मिश्रण लीनकडे झुकते. शिवाय टाकी रिकामी होत जाते तसा इंधनाचा स्तर खाली जातो, तोही त्याच दिशेला ढकलतो. मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरमध्ये फ्लोट इंधनाची पातळी कायम राखतो. उलटे-सुलटे होणाऱ्या विमानात फ्लोट चालणार कसा? त्यामुळे टाकी कुठे बसवली, हाच कार्ब्युरेटरचा अर्धा भाग समजावा. टाकीची मध्यरेषा सुईच्या पातळीत किंवा तिच्या किंचित खाली असावी. टाकी फार वर असेल तर भरलेली असताना इंजिन रिच आणि संपता संपता लीन. कितीही सुई फिरवा, मधली जागा सापडणार नाही. म्हणून उडवण्यापूर्वी थ्रॉटल पूर्ण ठेवून विमानाचे नाक सरळ आकाशाकडे धरतात, दहा सेकंद तरी. वेग तोच राहिला किंवा थोडा चढला तर ठीक. आवाज बसायला लागला तर सुई बाहेर. सहायकाशिवाय ही चाचणी करू नये.

नाक वर गेल्यावर मिश्रण बदलते या गोष्टीचा काही जणांनी फायदाच करून घेतला. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग केलेल्यांना तारांनी धरून गोल फिरवायचे कंट्रोल लाइन विमान ठाऊक असेल. त्यात कसरती करणारे मुद्दाम इंजिन घरघरत्या सुरावर, बदलाच्या अगदी काठावर ठेवतात. विमान आडवे उडताना ते एक फेरा सोडून पेटते आणि वेग आटोक्यात राहतो. नाक वर करताच मिश्रण थोडे लीन होते, सूर तीक्ष्ण होतो आणि चढायला नेमकी तेव्हाच जादा ताकद मिळते. पुन्हा आडवे झाले की घरघर परत. अमेरिकन फॉक्स ३५ हे १९४० च्या दशकाअखेरचे इंजिन या वागण्यासाठीच नावाजले गेले. थ्रॉटल नाही, रेडिओ नाही, आणि तरी वेगावर लगाम! यापेक्षा सुईचा नेमका वापर मी तरी ऐकलेला नाही.

तापमानाबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे जितके गार तितके चांगले. आजची बहुतेक इंजिने ‘एबीसी’ किंवा त्याच घराण्यातली असतात: ॲल्युमिनियमचा पिस्टन, पितळी लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) आणि लायनरच्या आत क्रोमचा थर. पिस्टनला रिंग नसतेच. लायनर वरच्या टोकाला मुद्दाम किंचित अरुंद घडवलेला असतो. नवे इंजिन हाताने फिरवले तर पिस्टन वर पोहोचताच अडकतो, कधी चक्क चिरकतो. अनेकांना वाटते, बिघडलेलेच दिले. चालताना लायनरचे वरचे टोक सर्वांत जास्त तापते, पितळ फुगते आणि अरुंद टोक बरोबर सरळ होते. म्हणजे पिस्टन आणि लायनर यांचे माप ठरलेल्या तापमानालाच जुळते. इंजिन सतत ओलेचिंब रिच, थंड चालवले तर ते टोक अरुंदच राहते. मग प्रत्येक फेरीला पिस्टन त्यात कोंबला जातो आणि सगळा ताण कनेक्टिंग रॉडवर येतो.

जुनी पुस्तके ‘नवे इंजिन दोन टाक्या भसाभस रिच चालवा’ असे सांगतात. लोखंडी पिस्टनच्या किंवा रिंगच्या इंजिनाला हा सल्ला अगदी योग्य आहे. तिथे खडबडीत पृष्ठभाग एकमेकांवर घासून बसायचे असतात आणि त्यासाठी गारवा व तेल हवे. एबीसीला मात्र लवकर तापू द्यावे. तीक्ष्ण सुराच्या रिच बाजूला, दोन-तीन मिनिटे चालवायचे, पूर्ण गार होऊ द्यायचे, पुन्हा चालवायचे. अशा काही फेऱ्यांत ते बसते.

सिलिंडरच्या हेडचे तापमान ढोबळमानाने १०० ते १३० अंश सेल्सिअस असेल तर काळजी नसते. इन्फ्रारेड थर्मामीटर हल्ली स्वस्तात मिळतो, पण त्यावर आंधळा भरवसा ठेवू नये. चकचकीत ॲल्युमिनियम उष्णतेचे किरण फार कमी सोडते, त्यामुळे हा थर्मामीटर खऱ्या तापमानापेक्षा बरेच कमी दाखवतो. हेडवर उष्णता सहन करणाऱ्या काळ्या मॅट रंगाचा एक ठिपका लावून नेहमी तिथेच नेम धरला, तर आकड्याला काही अर्थ येतो. तरीही विमान उतरून तुमच्यापर्यंत येईस्तोवर मंद चालीत इंजिन गार झालेलेच असते. म्हणून आकडा एकटा न पाहता धूर, सूर आणि प्लग एकत्र पाहावेत. प्लगची तार चकचकीत आणि गोल असेल तर सगळे आलबेल. राखाडी, खरबरीत किंवा वेडीवाकडी झाली असेल तर इंजिन तापले किंवा अवेळी पेटले.

हवामानाकडे बऱ्याच जणांचे दुर्लक्ष होते. गरम हवा विरळ असते. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी १२ अंशांवर असलेली हवा दुपारी ३० अंशांना सुमारे ६ टक्क्यांनी विरळ होते. इंजिनात ऑक्सिजन कमी जातो, तीच सुई आता रिच ठरते आणि थोडी आत घ्यावी लागते. इथवर ठीक. पण दुपारी आत घेतलेली सुई तशीच ठेवून पुढच्या गारठ्यातल्या सकाळी विमान सोडले, तर दाट हवेत मिश्रण लीन होते आणि कडाक्याच्या थंडीत इंजिन तापून बंद पडते. उंचीचेही तेच: तापमान सारखे धरले, तर मुंबईपेक्षा पुण्याची हवा साधारण ६ टक्क्यांनी विरळ, महाबळेश्वरची १४-१५ टक्क्यांनी. म्हणजे घाटावर सुई आत आणि कोकणात उतरताना न विसरता बाहेर. पावसाळी मुंबईत तर हवेतली तीन-साडेतीन टक्के जागा पाण्याची वाफच अडवते. दिवसाचे पहिले उड्डाण नेहमी दोन खटके रिच ठेवून करावे, असे मी म्हणेन. थोडी ताकद गेली तरी चालेल.

मंद चालीची सुई वेगळी असते आणि ती मोठी सुई जुळवल्यानंतरच हाताळायची. इंजिन अर्धा मिनिट मंद चालवा आणि थ्रॉटल झटकन उघडा. धूर सोडत, अडखळत, घोगऱ्या आवाजात वेग घेतला तर खालचे मिश्रण रिच. धूर न सोडता पटकन मेले तर लीन. एका वेळी आठवा भाग आटा, त्याहून जास्त नाही.

नायट्रोमिथेन वाढवले की ताकद वाढते, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. १ किलो नायट्रोला हवा लागते जेमतेम १.७ किलो. तेवढ्याच हवेत जास्त इंधन जळायचे, म्हणून नायट्रो वाढवल्यावर सुई बाहेर घ्यावी लागते. ५ टक्क्यांचा डबा संपवून १५ टक्क्यांचा फोडला आणि सुई जागची हलवली नाही, तर इंजिन लीन चालणार हे ठरलेलेच. मंद चाल मात्र सुधारते, आणि हौशी माणसाला खरा उपयोग तोच.

कधी कधी सुईची काहीच चूक नसते. सुई जुळवली, एक उड्डाण बरे झाले, दुसऱ्यात इंजिन तापले, पुन्हा जुळवली, पुन्हा तेच. अशा वेळी आधी नळ्या तपासाव्यात. टाकीच्या आतल्या नळीला सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले तरी इंधनाबरोबर हवेचे बुडबुडे जातात. प्लगची वॉशर, कार्ब्युरेटरची ओ-रिंग, मागच्या झाकणाचे गॅस्केट यांपैकी काहीही हवा ओढू शकते. थरथरीने टाकीत फेस झाला तरी लक्षण तेच. त्यावर टाकीभोवती फोम गुंडाळणे हा साधा इलाज. इंजिन सुंदर काउलिंगमध्ये झाकले असेल तर हवा आत येण्याच्या वाटेपेक्षा बाहेर पडण्याची वाट मोठी आहे ना, तेही पाहावे, निदान दुप्पट तरी. अनेक जण समोर मोठे तोंड ठेवतात आणि मागे फट. मग गरम हवा आतच घोटाळत राहते आणि बोल सुईला लागतो.

दोन गोष्टी मात्र हयगयीच्या नाहीत. बारा हजारांवर फिरणारा पंखा डोळ्यांना दिसतच नाही. सुई फिरवायची ती पंख्याच्या मागे उभे राहून, त्याच्यावरून हात कधीही न नेता. यासाठीच बऱ्याच नव्या इंजिनांत सुई मागच्या बाजूला बसवलेली असते. दुसरी गोष्ट मिथेनॉल. त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, आणि ते विष आहे. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसे मेली, ती मिथेनॉलमुळे. इंधन पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरू नये, चिठ्ठी लावलेल्या बंद डब्यात, मुलांच्या हाताला लागणार नाही असेच ठेवावे.

मिथेनॉल हवेतले पाणीही शोषून घेते. डबा उघडा राहिला तर इंधन नासते, आणि उडवून झाल्यावर इंजिनात राहिलेले इंधन आतल्या आत गंज धरवते. म्हणून शेवटी नळी दाबून इंजिन कोरडे होईपर्यंत चालवावे, प्लग काढून तेलाचे काही थेंब टाकावेत आणि पंखा हाताने दहा-वीस वेळा फिरवावा. समुद्रकाठच्या दमट हवेत एवढे टाळले, तर दोन-तीन महिन्यांत बेअरिंग खरखरू लागते, आणि ती खरखर कुठल्याही सुईने जात नाही.